ठोकळ्यावर रंगवलेले २५०

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जानेवारी उजाडला की कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांमध्ये जर्नल पुरी करून घेण्याची एकच घाई उडते. बारावीच्या भौतिकशास्त्राचे शंभरापैकी ३० गुण ज्या खोलीत ठरतात, त्या खोलीत नेमके काय मोजले जाते याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. अकरावी-बारावीला ३१ वर्षे भौतिकशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले आहे आणि या पत्रात मला एकाच गोष्टीविषयी लिहायचे आहे. आपण मुलांना मोजायला शिकवतो, पण मोजलेल्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा हे लिहायला शिकवत नाही. उलट, ज्याने ते प्रामाणिकपणे लिहिले त्याचेच गुण कापतो. हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. असे गुण कापणाऱ्या कागदावर एकदा माझीही सही होती.

अकरावीच्या प्रात्यक्षिकांत अज्ञात वस्तूचे वजन बलांच्या समतोलाने काढण्याचा एक जुना प्रयोग आहे. अठराव्या शतकातील डच शास्त्रज्ञ ग्रॅव्हेसांड यांच्या नावाचे उपकरण त्यासाठी वापरतात (हे नाव जर्नलांमध्ये किमान सहा प्रकारे लिहिलेले मी पाहिले आहे आणि एकालाही कधी लाल शाई लावलेली नाही). उभ्या लाकडी फळीच्या वरच्या दोन टोकांना दोन कप्प्या बसवलेल्या असतात. एका लांब दोऱ्याच्या दोन्ही टोकांना खाचेची वजने अडकवून तो दोन्ही कप्प्यांवरून सोडायचा, त्याच्या मध्याला दुसरा दोरा गाठ मारून बांधायचा आणि त्या दोऱ्याला ठोकळा टांगायचा. गाठ खाली-वर होऊन एका जागी स्थिरावली की तिच्यावरच्या तिन्ही बलांचा समतोल झाला. मग मागे लावलेल्या कागदावर, दोऱ्याखाली आरशाची पट्टी धरून, दोरा आणि त्याचे प्रतिबिंब एकावर एक आले की पेन्सिलीने ठिपके द्यायचे, कागद उतरवून ठिपके जोडायचे, २० ग्रॅमला १ सेंटिमीटर असे काहीतरी प्रमाण धरून समांतरभुज चौकोन पुरा करायचा आणि त्याचा कर्ण मोजायचा. तो कर्ण म्हणजे ठोकळ्याचे वजन.

काही वर्षांपूर्वी एका कनिष्ठ महाविद्यालयात या प्रात्यक्षिकासाठी मी परीक्षक म्हणून गेले होते. ‘अज्ञात’ म्हणून दिलेल्या लोखंडी ठोकळ्याच्या बुडाला पांढऱ्या ऑइलपेंटने २५० हा आकडा रंगवलेला होता, म्हणजे अज्ञात फक्त प्रश्नपत्रिकेपुरते होते. त्या तुकडीत २२ मुले होती. उत्तरे आली ती २४८, २५१, २४९.५, २५०, पुन्हा २५० अशी, आणि एका मुलीचे आले २३८ अधिक-उणे ३ ग्रॅम. माझ्याबरोबरच्या परीक्षकांनी ठोकळा उलटा करून आकडा पाहिला, ‘जवळजवळ पाच टक्के चूक’ असे म्हणून दोन गुण कमी केले आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली. तिच्या त्या ‘अधिक-उणे ३’ कडे मी धड पाहिलेही नव्हते.

चहाच्या वेळी मात्र तो कागद मनातून जाईना. तिने कर्ण सहा वेळा काढला होता, दर वेळी गाठ हाताने बाजूला ओढून, सोडून, नव्याने स्थिर होऊ देऊन. बाकी बहुतेकांनी एकदाच. शेवटी ठोकळा उचलून मी शेजारच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. काट्याने २३६.४ ग्रॅम दाखवले. पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. प्रयोगशाळेतल्या मामांना विचारले तर ते सहज म्हणाले, “मॅडम, त्याचा हूक तुटला होता. मागच्या मे महिन्यात आरपार भोक पाडून तार ओवली. आकडा तेवढा राहिला पुसायचा.”

म्हणजे २२ जणांपैकी ठोकळा मोजला होता तो एकटीने. मग आम्ही फळीवर तोच ठोकळा दोन्ही बाजूंना दीडशे-दीडशे ग्रॅम लावून पुन्हा टांगला. दोऱ्यांमधला कोन ७६ अंशांच्या आसपास येत होता. जर्नलांमध्ये बहुतेकांच्या आकृत्यांत तो ६७ अंश होता. दीडशे आणि दीडशेचा कर्ण अडीचशे यायचा तर कोन ६७ अंशच लागतो. मुलांनी उत्तरावरून कोन काढला होता आणि कोनावरून ठिपके दिले होते. त्यांचे त्रिकोणमितीचे गणित चोख होते हे कबूल केले पाहिजे. त्या मुलीचे गुण आम्ही तिथल्या तिथे दुरुस्त केले, पण उरलेल्या एकवीस जणांचे काय करायचे याचे उत्तर आम्हा दोघांपाशी नव्हते, आणि त्यांचे गुण होते तसेच राहिले.

या प्रकारात मुलांना दोष देणे सोपे आहे. मला दोष पद्धतीत दिसतो, आणि तो एका शब्दाच्या गोंधळातून आलेला आहे. आपल्या जर्नलांमध्ये शेवटची ओळ असते ती ‘शेकडा चूक’ या नावाची: खरे वजन वजा आलेले वजन, भागिले खरे वजन, गुणिले शंभर. ही चूक काढायला खरे वजन आधी ठाऊक असावे लागते. ते ठाऊक असेल तर फळी, कप्प्या, दोरे यांचा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न कोणत्याही चुणचुणीत मुलाला पडतो आणि तो त्याचे व्यवहारी उत्तरही शोधतो. अनिश्चितता, म्हणजे आलेले उत्तर किती कमी-जास्त असू शकेल याचा अंदाज, ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. ती काढायला खरे वजन ठाऊक असावे लागत नाही. आपली साधने किती बरी-वाईट आहेत, आपला हात किती स्थिर आहे आणि आपण काय काय तपासलेले नाही, एवढे ठाऊक असावे लागते. चूक किती हा हिशेब ठोकळ्याच्या बुडाकडे बघून करता येतो. अनिश्चिततेचा हिशेब मात्र स्वतःच्या कामाकडे बघूनच करावा लागतो.

त्या मुलीचा हिशेब मला अजून पाठ आहे, आणि तो इथे मांडल्याशिवाय माझे म्हणणे पुरे होणार नाही. तिचे सहा कर्ण असे होते: ११.७, १२.०, ११.९, १२.१, ११.८ आणि ११.९ सेंटिमीटर. सरासरी ११.९, म्हणजे २३८ ग्रॅम. या सहा आकड्यांचा विखुरलेपणा, ज्याला पुस्तकात प्रमाण विचलन म्हणतात, सुमारे ०.१४ सेंटिमीटर म्हणजे २.८ ग्रॅम भरतो. सहा वाचनांची सरासरी घेतल्यामुळे सरासरीपुरती अनिश्चितता त्याला सहाच्या वर्गमुळाने भागून मिळते, ती साधारण १.२ ग्रॅम. कप्पीतले घर्षण, ठिपका देताना डोळ्याची होणारी फसगत, पेन्सिलीच्या टोकाची जाडी, या सगळ्यांचा बराचसा भाग या १.२ ग्रॅममध्ये येऊन जातो, कारण दर वेळी गाठ नव्याने सोडली की घर्षण कधी इकडे तर कधी तिकडे ओढते.

इथे बहुतेक पदवीधरही थांबतात. ती थांबली नव्हती. खाली तिने एक ओळ लिहिली होती की खाचेची वजने गंजलेली असून त्यांवर पडताळणीची खूण नाही, सबब ती शेकडा एकाने कमी-जास्त असू शकतील असे धरले आहे. वजने सगळी एकाच बाजूने शेकडा एकाने चुकलेली असतील तर कर्णही शेकडा एकाने चुकतो, म्हणजे २.४ ग्रॅम; आणि ही चूक सहा वेळा काय, साठ वेळा प्रयोग केला तरी तसूभर कमी होत नाही, कारण दर वेळी तीच वजने टांगलेली असतात. सरासरीने दोऱ्याचा दोष धुऊन निघतो, वजनांचा निघत नाही. दोन्ही अनिश्चितता एकमेकींवर अवलंबून नसल्यामुळे त्यांची सरळ बेरीज न करता वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचे: १.२ चा वर्ग आणि २.४ चा वर्ग मिळवून त्याचे वर्गमूळ सुमारे २.७ येते. तिने ते पुढच्या पूर्णांकात नेऊन ३ लिहिले आणि उत्तरही दशांश चिन्हाच्या पुढे नेले नाही, कारण जिथे ३ ग्रॅमचीच खात्री नाही तिथे २३७.९६ लिहिणे हे कॅल्क्युलेटरचे कर्तृत्व असते, आपले नसते. काट्यावरचे २३६.४ हे तिच्या २३५ ते २४१ या पट्ट्यात बसते. उरलेल्या एकवीस उत्तरांना पट्टाच नव्हता. ती बसली की नाही हेसुद्धा ठरवता येत नव्हते.

असा हिशेब ठेवला की प्रयोग कसा मांडावा हेही आपोआप कळू लागते, आणि माझ्या मते त्याचा खरा लाभ हाच आहे. उदाहरणार्थ, दोऱ्यांमधला कोन किती ठेवावा? पुस्तकात ‘योग्य तो कोन येईल असे पाहा’ एवढेच असते. दोन्हीकडे दीडशे ग्रॅम असून कोन ७५ अंशांच्या आसपास असताना तो मोजण्यात एका अंशाची चूक झाली तर उत्तरात सुमारे १.६ ग्रॅमचा, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी फरक पडतो. तीच वजने ठेवून हलका ठोकळा लावला आणि दोरे पसरून कोन १६० अंशांवर गेला, तर त्याच एका अंशाने ५२ ग्रॅममध्ये अडीच ग्रॅमचा, म्हणजे शेकडा पाचाचा फरक पडतो. जवळजवळ आडवा ताणलेला दोरा हलक्या वस्तूच्या वजनाची साक्ष द्यायला फारसा लायक नसतो. वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी किती ताणली तरी मध्ये थोडी झोळ पडतेच, हे रोज पाहणाऱ्या मुलांना हे एका वाक्यात पटते. पण अनिश्चितता लिहायचीच नसेल तर हा प्रश्न वर्गात निघण्याचे कारणच उरत नाही.

हे सगळे परदेशी खूळ आहे असे कोणी म्हणू नये. आपल्या भाषेत ‘पासंग’ हा शब्द आहे. तराजूची रिकामी पारडी समपातळीत येत नसली की हलक्या बाजूला जो खडा किंवा पत्र्याचा तुकडा बांधतात तो पासंग, आणि ‘अमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असे आपण येता-जाता म्हणतो. माझी आजी वाण्याकडे गेली की एकदा तोललेले धान्य आणि माप यांची पारडी बदलून दाखवायला सांगे. दांडीच्या दोन्ही भुजा सारख्या नसतील तर पासंग लावून रिकामा तराजू सरळ होतो खरा, पण तोलात लबाडी राहते. पारडी बदलली की ती उघडी पडते. हीच युक्ती प्रयोगशाळेतल्या नाजूक तराजूसाठी गाउस या जर्मन गणितज्ञाच्या नावाने शिकवली जाते: दोन्ही पारड्यांत आलेल्या दोन वजनांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घेतले की असमान भुजांचा दोष निघून जातो. आजीला वर्गमूळ येत नव्हते, पण ‘मापात पाप’ नेमके कुठे लपते हे तिला कळत होते.

आता दुकानादुकानांत इलेक्ट्रॉनिक काटे आले आहेत आणि त्यांवरचे लाल आकडे पाहून गिऱ्हाईक निर्धास्त होते. हा काटा तराजूसारखी दोन वस्तूंची तुलना करीत नाही, तो पृथ्वीच्या ओढीचे बल मोजतो आणि त्याचे ग्रॅम करून दाखवतो. ही ओढ सगळीकडे सारखी नसते. विषुववृत्तावर गुरुत्वत्वरण सुमारे ९.७८ तर ध्रुवांवर सुमारे ९.८३ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. दिल्लीत ते ९.७९ च्या किंचित वर आणि आमच्या साताऱ्यासारख्या दक्षिणेकडच्या, उंचावरच्या गावी ९.७८ च्या आसपास. दिल्लीत जुळवलेला काटा इथे आणून पुन्हा न जुळवता वापरला, तर किलोमागे पाऊण-एक ग्रॅम कमी दाखवील. भाजीला याने काही बिघडत नाही, सोन्याला बिघडते. फळीवरच्या प्रयोगात मात्र तिन्ही दोऱ्यांवर तीच ओढ असल्यामुळे ती हिशेबातून निघून जाते आणि आपल्याला वजनाऐवजी थेट वस्तुमान मिळते. गंजलेल्या वजनांचे ते ओबडधोबड उपकरण या एका बाबतीत चकचकीत काट्याहून सरस आहे, हे मी मुलांना मुद्दाम सांगत असे. २००९ च्या वैधमापन कायद्याखाली दुकानातल्या काट्यांची ठरावीक मुदतीने पडताळणी होते तेव्हा कायदाही शून्य चुकीची अपेक्षा धरीत नाही. किती भारापर्यंत किती फरक चालेल हे नियमांतच लिहिलेले असते. बाजाराला जे मान्य आहे ते शाळेला अमान्य का असावे?

आणि ज्यांना हा विषय अकरावीच्या मुलांसाठी फार बारीक वाटतो, त्यांनी किलोग्रॅमचीच कथा आठवावी. १८८९ पासून किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ सेव्हर येथे ठेवलेला, प्लॅटिनम आणि इरिडियमच्या मिश्रधातूचा ३९ मिलिमीटर उंच आणि तेवढ्याच व्यासाचा एक ठोकळा, अशी व्याख्या होती. त्याच्या प्रती देशोदेशी दिल्या होत्या. भारताची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. शंभर वर्षांत मूळ ठोकळा आणि त्याच्या प्रती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमपर्यंत फरक पडलेला दिसला, पण बदल नेमका कोणात झाला हे म्हणायची सोय नव्हती, कारण व्याख्येने त्या ठोकळ्याला एक किलो असण्यावाचून पर्यायच ठेवला नव्हता. बुडाला रंगवलेल्या २५० चेच हे राजेशाही रूप. अखेर २० मे २०१९ पासून ती व्याख्या गेली आणि किलोग्रॅम प्लँकच्या स्थिरांकाला, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीला, बांधला गेला. त्यासाठी वापरलेल्या दोन मुख्य पद्धतींपैकी एक म्हणजे ब्रायन किबल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये सुचवलेला तराजू, ज्यात एका बाजूला वस्तूचे वजन आणि दुसऱ्या बाजूला वीजप्रवाह वाहणाऱ्या वेटोळ्यावरचे चुंबकीय बल यांचा समतोल साधतात. तत्त्व तेच, आपल्या फळीवरचे.

व्याख्या बदलण्यापूर्वी तज्ज्ञांनी घातलेली अट इथे महत्त्वाची आहे. ‘अमुक आकडा आला पाहिजे’ अशी ती नव्हती. किमान तीन स्वतंत्र प्रयोगांची अनिश्चितता दहा कोटींत पाच भागांहून अधिक नसावी, त्यांतल्या एकाची तरी दोन भागांहून अधिक नसावी आणि त्यांची उत्तरे आपापल्या अनिश्चिततेच्या आत एकमेकांशी जुळावीत, असे तिचे स्वरूप होते. १३० वर्षे निर्दोष मानल्या गेलेल्या सेव्हरच्या ठोकळ्यालाही त्या दिवसापासून स्वतःची अनिश्चितता मिळाली, दहा कोटींत एक भाग. जगातल्या सर्वांत मानाच्या वजनाला अधिक-उणे लावायला शास्त्रज्ञांना कमीपणा वाटला नाही. आपल्या जर्नलात ते लावले की परीक्षकाला मात्र ती विद्यार्थ्याच्या अज्ञानाची कबुली वाटते.

माझ्या सूचनेला पैसा लागत नाही, नवे उपकरण लागत नाही आणि अभ्यासक्रमात नवे प्रकरणही लागत नाही. अकरावीच्या पाठ्यपुस्तकात मापनातील त्रुटींचा भाग आहेच, तो फक्त लेखी परीक्षेच्या गणितापुरता कोंडलेला आहे. प्रात्यक्षिकाच्या गुणांपैकी निकालासाठी जे गुण असतात ते अपेक्षित आकड्याशी जवळीक पाहून न देता तीन गोष्टी पाहून द्यावेत: वाचने प्रत्यक्ष घेतलेली आहेत का, उत्तराबरोबर अनिश्चितता लिहिली आहे का, आणि ती कशी आली हे दोन-चार ओळींत सांगता येते का. ‘मी कप्पीला तेल घातले नाही, म्हणून ५ ग्रॅम धरले’ असे कोणी सांगितले तर ते पुरे मानावे. विचार करून घेतलेला अंदाज हाही मापनशास्त्रात हिशेबाचा मान्य भाग आहे. काही सहकारी म्हणतील की मग मुले वाट्टेल तेवढे अधिक-उणे लिहून सुटतील, २३८ अधिक-उणे १०० लिहितील. लिहू द्यावे, शंभर कुठून आले हे तोंडी विचारले की दोन मिनिटांत निकाल लागतो, आणि ते विचारण्यासाठीच तोंडी परीक्षा असते. वेळेची तक्रार मात्र खरी आहे. एका दिवसात दोन-दोन तुकड्या उरकणाऱ्या परीक्षकाला सहा वेळा टांगलेला ठोकळा परवडत नाही, आणि याचा विचार शिक्षण मंडळालाच करावा लागेल.

तोवर निदान यंदाच्या परीक्षकांना एक विनंती करते. प्रयोगशाळेत गेल्यावर मुले आत येण्यापूर्वी ठोकळ्याच्या बुडाचा रंग खरवडून काढावा, जवळच्या पडताळलेल्या काट्यावर त्याचे स्वतः वजन करावे, ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पाकिटात बंद करावी, आणि सगळ्या जर्नलांवर सह्या होईपर्यंत ते पाकीट फोडू नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भौतिकशास्त्र अध्यापिका, सातारा